वर थांबणाऱ्याचे कुलूप

कडीत दोन कुलपे होती.

दादा स्विचच्या पेटीसमोर उभे राहून ती बघत राहिले. एक त्यांचे, लाल रंग दिलेले, चौदा वर्षे त्यांच्याच खिशात वावरलेले. त्याला खेटून दुसरे, पिवळे, जोडीदाराचे. आणि पिवळ्या कुलपाचा मालक खाली लिफ्टच्या खड्ड्यात शिट्टी वाजवत रूळ पुसत होता.

"अरे, हे काय लटकवलंयस?" दादांनी खड्ड्यावर वाकून विचारले.

शिट्टी थांबली. "कुठं काय?"

"तुझं कुलूप. माझ्या कुलपाशेजारी."

"हां, ते होय." फडके पुन्हा रुळावर फिरायला लागले. "कंपनीचा नियम आहे ना, दादा. दोघांची दोन."

"नियम आज आला का?"

"नियम जुनाच आहे. आपणच पाळत नव्हतो."

हे खरे होते, म्हणून तर दादांना ते जास्त लागले. लिफ्ट दुरुस्त करणारे नेहमी दोघे असतात. एकाने खड्ड्यात उतरायचे, दुसऱ्याने वर स्विचपाशी थांबायचे. स्विच पाडून त्याच्या कडीत कुलूप घालायचे, म्हणजे चुकून कुणी वीज चालू करायला गेले तरी ती चालू होणार नाही आणि लिफ्ट खालच्या माणसाच्या डोक्यावर येणार नाही. कंपनी म्हणे, दोघांनी आपापले कुलूप लावा. पण जोडीदार नवा असताना एकदा खड्ड्यातल्या तेलकट पाण्यात त्याच्या कुलपाची किल्ली पडली आणि सात मजल्यांची इमारत दोन तास जिने चढत बसली. लोकांनी दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या दिवसापासून दादांनी या जोडीपुरता आपला कायदा केला. उतरणाऱ्याने हात मोकळे ठेवायचे, कुलूप आणि किल्ली वर थांबणाऱ्याची. आणि एकाने लावलेले कुलूप दुसऱ्याने ओढून बघायचे नाही. "कुणाच्या घरी जेवायला बसल्यावर ताटाचा वास घेतो का आपण?" दादा म्हणायचे. "तसंच हे."

कंपनीला यातले काही माहीत नव्हते. चौदा वर्षे काही बिघडलेही नाही.

"माझं ओढून बघितलंस का?" दादांनी विचारले.

खाली फडके जास्तच जोरात घासले जाऊ लागले. शिट्टी मात्र पुन्हा सुरू झाली नाही. दादा पेटीकडे वळले आणि उजव्या हाताची बोटे पँटीला घासायला लागले. ही त्यांची अलीकडची सवय होती.

बोटांना मुंग्या यायला लागून दीड वर्ष होत आले होते. आधी नुसती टोके, मग सगळा पंजा. दादांनी तेल बदलले, साबण बदलला, जाड कापडाचे हातमोजे आणले. मध्ये एका डोळ्यापुढे महिनाभर धुके आले आणि आपोआप गेले. गेले ते बरे झाले म्हणून दादांनी कुणाला सांगितलेच नाही. उन्हात काम झाले की पाय पिठाचे व्हायचे. ते वयावर ढकलले, जरी वय अवघे सेहेचाळीस होते.

पण करंट मात्र वयावर ढकलता येईना. मान खाली घातली की मानेपासून कमरेपर्यंत सर्रकन वीज उतरायची. विजेच्या कामात आयुष्य गेलेला माणूस अशा वेळी डॉक्टरकडे जात नाही, टेस्टर काढतो. दादांनी आठ महिने लोकांच्या इमारतींत गळती शोधली. या पेटीचे अर्थिंग तपासले, त्या मोटरचे तपासले, रबरी तळाचे नवे बूट घेतले. एका सोसायटीच्या वायरमनशी तर हमरीतुमरीवर आले. तो बापडा म्हणत होता, "अहो, मेन बंद आहे! करंट येणार कुठून?" आणि दादा म्हणत होते, "मला बसलाय ना! तू मला शिकवतोस?"

जोडीदार तेव्हा शेजारी उभा होता. त्याने खाली येताना जिन्यात म्हटले होते, "दादा, एकदा दाखवून घ्या ना कुणाला तरी."

"काय दाखवू? वायरिंग त्यांचं खराब आणि दाखवू मी?"

पिवळे कुलूप दिसल्याला आठवडाही झाला नसेल, तोच साहेबांनी बोलावले. साहेब चांगला माणूस होता आणि चांगल्या माणसाला वाईट बातमी देताना जी धांदल होते ती त्याची चालली होती. पाणी विचारले, पंखा वाढवला. शेवटी एक कागद टेबलावरून पुढे सरकवला.

अक्षर ओळखीचे होते. ते अक्षर सुधारावे म्हणून पूर्वी दादांनीच जोडीदाराकडून कामाच्या वहीत पानेच्या पाने लिहून घेतली होती. पत्रात तीन तारखा होत्या. तिन्ही तारखांना मी खड्ड्यात उतरण्यापूर्वी वरचे कुलूप ओढून पाहिले असता ते उघडे आढळले. अडकवलेले होते, पण बसलेले नव्हते. दादांच्या हाताला ते जाणवत नाही असे माझे मत आहे. त्यांना वर एकटे ठेवू नये. खाली सही.

दादांनी ते दोनदा वाचले. पहिली तारीख तीन महिन्यांपूर्वीची होती. म्हणजे तीन महिने हा माणूस शेजारी बसून डबा खात होता, विनोद सांगत होता, "दादा, दादा" करत होता आणि पाठ वळली की त्यांचे कुलूप ओढून बघत होता.

"खरं आहे का हे?" साहेबांनी हळू आवाजात विचारले.

"त्यालाच विचारा. तारखांसकट पाठ असेल त्याला."

"तसं नाही हो, दादा. कंपनीच्या डॉक्टरांकडे एकदा..."

"साहेब, त्याला रेंच धरायला मी शिकवलं," दादा म्हणाले. त्यांनी खिशातून लाल कुलूप काढून कागदावर ठेवले, किल्लीसकट. बाहेर बाकावर जोडीदार बसला होता. तो उठून उभा राहिला. दादा त्याच्यासमोरून असे गेले की जणू तिथे रिकामा बाक आहे.

मग तपासण्या झाल्या. यंत्राच्या नळकांड्यात पाऊण तास निजवले, कमरेतून सुई घालून पाणी काढले, डोळ्यांपुढे चौकटी नाचवल्या. दादा सगळीकडे मुकाट गेले. बायको बरोबर होती. ती शाळेच्या ग्रंथालयात कामाला होती आणि रजा मागायला तिला फार जड जायचे, पण या वेळी तिने एका शब्दानेही कुरकुर केली नाही. दादांना याचे नवल वाटायला हवे होते. ते नंतर वाटले.

मेंदूच्या डॉक्टरीण बाई बोलायला मोकळ्या होत्या. त्यांनी भिंतीवरच्या उजेडात फोटो लावला आणि मानेतला एक पांढरा ठिपका दाखवला, मग मेंदूतले चार-पाच.

"हे कुणी केलं?" दादांनी विचारले. प्रश्न जरा विचित्र होता, पण बाई हसल्या नाहीत.

"तुमच्याच पेशींनी. रक्तात पांढऱ्या पेशी असतात ना, बाहेरून आलेल्या जंतूंना मारणाऱ्या? त्यातल्या काही इथं तयार होतात." त्यांनी स्वतःच्या छातीच्या हाडावर बोट ठेवले. "या मागं एक लहानशी ग्रंथी आहे. तिथं त्यांची परीक्षा होते. जी पेशी आपल्याच शरीरावर उठेल असं दिसतं, तिला तिथंच संपवतात."

"चांगलंय की. मग?"

"मग काही निसटतात. सगळ्यांच्यात निसटतात, माझ्याही असतील. बहुतेकांच्या जन्मभर गप्प राहतात, त्यांना गप्प बसवणाऱ्या वेगळ्या पेशीही असतात. पण काहींच्या बाबतीत त्या जाग्या होतात. नक्की का, ते अजून पुरतं कळलेलं नाही. अंगातला कल असतो, कधीकाळी होऊन गेलेला विषाणू असतो, बरंच काही मिळून होतं. मग त्या मेंदूत आणि पाठीच्या कण्यात शिरतात आणि नसांवरचं आवरण खातात."

"वायरवरचं रबर," दादा म्हणाले.

"तसंच समजा. म्हणून बोटांचा निरोप वर पोचत नाही. आणि मानेतल्या नसेवरचं आवरण गेलंय, म्हणून मान वाकवली की तुम्हाला करंट बसतो."

दादांना तो बापडा वायरमन आठवला. मेन खरोखरच बंद होते. आठ महिने ते जगाच्या पेट्या उघडत फिरले आणि गळती त्यांच्या मानेत होती.

"म्हणजे यात बाहेरचं कुणीच नाही?"

"नाही. सगळे तुमचेच."

"आणि हे कधीपासून माझ्यात होते?"

"लहानपणापासून असतील. गप्प होते, इतकंच."

दादांनी दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले. ज्यांना घरात ठेवून पोसले तेच आतून घर पोखरत होते आणि मालकाला पत्ता नव्हता. त्यांना रडू आले नाही, संताप आला आणि तो कुणावर काढायचा ते कळेना. बाई औषधाचे सांगत होत्या. दर सहा महिन्यांनी सलाईनमधून द्यायचे, त्या पेशींपैकी एका जातीला ते आवरते. गेलेले सगळे परत येईलच असे नाही, पण पुढचे नुकसान बरेच रोखता येते.

"त्या पेशींचा राग येतो माणसाला, मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "पण त्या आपलं कामच करत असतात हो. चूक ओळखण्यात होते. घरचंच आवरण त्यांना परकं वाटतं."

"म्हणजे ओळख पटली असती तर हात लावला नसता."

"हो."

"आणि चांगली चौदा वर्षांची ओळख असून ज्यानं केसानं गळा कापला, त्याला काय म्हणायचं?"

बाईंना काही समजले नाही. त्यांनी बायकोकडे पाहिले. बायको पर्सच्या बंदाशी चाळा करत राहिली.

तो चाळा दादांच्या मनात घरापर्यंत आला. घरी पोचल्यावर बायकोने चहा टाकला, कप समोर ठेवला आणि उभीच राहिली. ती उभी राहिली की काहीतरी सांगायचे असते, हे दादांना वीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होते.

"अहो, तो आधी माझ्याकडे आला होता."

"कोण?"

"कोण म्हणून काय विचारता? शाळेत आला होता, मधल्या सुट्टीत. पुस्तकांच्या कपाटाआड उभा राहून रडला. म्हणाला, वहिनी, दोनदा सांगून बघितलं, ते अंगावर येतात. मी काय करू?"

दादांनी कप उचलला नाही.

"मीच म्हटलं त्याला, लिही. तारखा घालून लिही, म्हणजे साहेबांना टाळता येणार नाही."

"तू सांगितलंस?"

"मी. तुम्ही रोज उजव्या हातानं शर्टाची बटणं लावायला वीस मिनिटं घेत होतात आणि मी स्वयंपाकघरात भांडी वाजवत होते, तुम्हाला वाटू नये की मी बघतेय म्हणून. मला वाटत होतं, आज संध्याकाळी हे येतील आणि म्हणतील, तो खाली होता आणि लिफ्ट आली. मग काय केलं असतं आपण? त्याच्या घरी कोणत्या तोंडानं गेलो असतो?"

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

दादा उठले आणि आतल्या खोलीत जाऊन पलंगावर बसले. पेशी आपल्या, जोडीदार आपला, बायको आपली. त्यांना त्या क्षणी एखादा चांगला परका माणूस हवा होता, ज्याच्यावर मनसोक्त ओरडता आले असते. असा कुणी आसपास नव्हता, म्हणून ते भिंतीकडे तोंड करून निजले. चहा तसाच गार झाला.

कंपनीने त्यांना फोनवर बसवले. लिफ्ट बंद पडली की लोक फोन करतात, तो घ्यायचा आणि माणसे पाठवायची. दादा नुसते ऐकून बिघाड सांगायचे. "दार दोनदा आपटतं का? मग रोलर गेलाय." साहेब सगळ्यांना कौतुकाने सांगत. जोडीदाराला पाठवायचे असेल तेव्हा मात्र दादा शेजारच्या टेबलावरच्या मुलीकडे चिठ्ठी द्यायचे. सात महिने ते त्याच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. त्यानेही बळजबरी केली नाही. दर सोमवारी मात्र तो दारातून आत बघून जायचा, न चुकता.

औषधाच्या दुसऱ्या सलाईननंतर दादा दोन दिवस घरी होते. दुपारी बेल वाजली. दारात जोडीदार, खांद्याला पिशवी.

"तुमच्या इमारतीच्या लिफ्टची तपासणी आहे," तो म्हणाला. "माझ्याबरोबरचा माणूस तापानं पडलाय."

"मग उद्या यायचं. एकट्यानं खड्ड्यात उतरायचं नाही, इतकंही विसरलास?" सात महिन्यांनंतर पहिले वाक्य निघाले ते ओरडण्याचे निघाले.

"म्हणून तर वर आलो. उद्या तुम्ही ऑफिसात असाल."

त्याने पिशवीत हात घातला आणि लाल कुलूप काढले. साहेबांच्या खणात पडून त्याच्यावर शाईचा डाग पडला होता. "साहेबांना मागून घेतलं," तो म्हणाला.

दादांनी चपला घातल्या. का घातल्या ते त्यांना सांगता आले नसते. बायको आतल्या दाराशी येऊन थांबली होती, तिच्याकडे त्यांनी पाहिले नाही. लिफ्ट बंद होती म्हणून तीन मजले कठड्याला धरून उतरले. जोडीदार दोन पायऱ्या पुढे चालला होता, पडले तर आपल्यावर पडावेत अशा बेताने. दादांना ते समजत होते आणि त्याचा रागही येत होता.

तळमजल्यावर लिफ्टला लागूनच स्विचची पेटी होती. शेजारी पाण्याचा पंप घरघरत होता. जोडीदाराने कुठून तरी स्टूल आणून ठेवले. दादांनी स्विच पडलेला पाहिला, कडी बसवली, लाल कुलूप अडकवले आणि उजव्या तळव्याने दाबले. पंपाच्या आवाजात खटका ऐकू आला की नाही कळले नाही. वरून पाहता ते बसल्यासारखेच दिसत होते.

"लावलं," दादा म्हणाले.

जोडीदाराने पिशवीतून आपले पिवळे कुलूप काढले नाही. लाल कुलपाला हातही लावला नाही. "उतरतो, दादा," म्हणाला आणि खड्ड्याच्या शिडीवर पाय टाकला, पूर्वी टाकायचा तसा.

दादा स्टुलावर बसले. एवढ्याचसाठी सात महिने आतून जळत होते ते. आता सगळे पूर्ववत झाले होते. त्यांनी आपल्या तळव्याकडे पाहिले. तळवा काहीच सांगत नव्हता. ज्या हातावर उभे आयुष्य काढले, तो त्यांना हो म्हणेना की नाही म्हणेना.

"थांब," ते म्हणाले. "वर ये."

"काय झालं?"

"ये आधी. कुलूप ओढून बघ."

जोडीदार शिडीवरच थबकला. "राहू द्या ना, दादा. लावलंय तुम्ही."

"ओढ म्हणतो ना!"

तो वर आला. त्याने दोन बोटांनी कुलूप धरून जरासे खाली ओढले. ते उघडून त्याच्या हातात आले.

पंप घरघरत राहिला. जोडीदाराच्या चेहऱ्यावर नवल नव्हते, आणि दादांनी तेवढे बरोबर टिपले. त्याने शर्टाच्या खिशात हात घातला आणि लिफ्टचे तिन्ही फ्यूज तळहातावर ठेवून दाखवले.

"कधी काढलेस?"

"तुम्हाला बोलवायला वर येण्याआधीच."

"म्हणजे माझं कुलूप नुसतं शोभेला."

"या कडीत तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं कुलूप मला नको होतं," जोडीदार म्हणाला. "आणि घरी दोन पोरी आहेत माझ्या. दोन्ही खरं आहे, दादा. मी काय करू?"

पुन्हा एकदा फसवले होते त्याने, या वेळी लाड करून. एखाद्या आजारी पोराच्या हातात खेळण्यातली चावी द्यावी तसे. दादांना त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण फ्यूज खिशात घालून उतरायचे, हे त्याला पहिल्या दिवशी कुणी शिकवले होते? दादांनीच. मग त्याच्यापुढे शहाणपणा मिरवत कायदा बदलला तोही दादांनीच.

वरची टाकी भरली असावी. पंप बंद पडला आणि सगळीकडे एकदम शांत झाले.

"फ्यूज खिशात ठेव," दादा म्हणाले. "तुझं पिवळं काढ आणि लाव."

"दादा..."

"लाव. नियम आहे कंपनीचा."

पिवळे कुलूप खट्ट करून बसले. मग दादांनी आपले लाल कुलूप डाव्या हाताने कडीत अडकवले, भिंतीशी टेकवून धरले आणि उजव्या मनगटाचा भार देऊन दाबले. एकदा. पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा खटका स्पष्ट ऐकू आला, दोघांनाही.

"आता ओढ."

जोडीदार त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

"माझ्यासमोर ओढ. पाठीमागं नको."

त्याने ओढले. जोर लावून, दोनदा. कुलूप हलले नाही. मग तो शिडीवरून उतरला आणि थोड्या वेळाने खालून रूळ पुसल्याचा आवाज यायला लागला. शिट्टी आली ती बऱ्याच वेळाने आली, तीही बेसूर.

दादा स्टुलावर बसून होते. लाल कुलपाची किल्ली त्यांनी उजव्या मुठीत धरली होती. ती आहे की पडली, हे बोटे सांगत नव्हती. म्हणून ते थोड्या थोड्या वेळाने मूठ उघडायचे, किल्ली दिसली की मिटायचे आणि जरा वेळाने पुन्हा उघडून बघायचे.